ऊस, कॅरल आणि वर्षभराच्या बातम्या

रविवार, २१ डिसेंबर

कोल्हापुरात नाताळ बघायचा तर शाहूपुरीच्या बाजूला जावं लागतं. महाद्वार रोडला त्याचा पत्ताही नसतो, तिथं बारा महिने अंबाबाईची गर्दी. इकडं मात्र बेकऱ्यांच्या काचांमागं प्लमकेक, दुकानांच्या दारात लाल टोप्या आणि चिनी चांदण्यांच्या माळा. आई आणि मी काल रात्री पुण्याहून पोचलो. महामार्गाचं सहापदरीचं काम, वळसे आणि धूळ यांवर लिहायला बसले तर ईस्टर उजाडेल, म्हणून ते सोडते.

सकाळी वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये भक्तीला गेलो. आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, चौथा रविवार, बाकं भरलेली. आईचं अर्धं लक्ष उपदेशात आणि अर्धं पुढच्या बाकावरच्या मानांमध्ये. नुसती मान बघून ती माणूस ओळखते. "ती बघ, मिरजेच्या सिस्टरची धाकटी. नवरा दुबईला होता, आला वाटतं परत." भक्ती संपायच्या आत तिच्याकडं निम्म्या जिल्ह्याची खबर गोळा झाली होती.

ज्यांच्या नावाचं हे चर्च, ते रॉयल गुल्ड वाइल्डर १८५२ च्या डिसेंबरात बायकोसह कोल्हापुरात आले. त्याआधी ते नगरला होते. संस्थानी गाव, त्यात अंबाबाईचं क्षेत्र. स्वागत कोण करणार, विरोधच झाला. तरी त्यांनी शाळा काढल्या. पुढं ज्या अमेरिकन मंडळानं त्यांना पाठवलं होतं त्यानंच इथलं काम आवरतं घेतलं, पण हे गृहस्थ हलले नाहीत. काही वर्षं स्वतःच्या बळावर काढली आणि १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं काम हाती घेतलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच कोल्हापुरात १८६३ मध्ये जन्मला. पुढं अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीत त्याचं मोठं नाव झालं.

हा इतिहास आम्हाला संडे स्कूलपासून पाठ आहे, आणि त्यात एक गोष्ट मला दरवेळी खटकते. साहेबांची नावं संगमरवरावर आहेत. त्यांच्यासाठी खेडोपाडी उन्हातान्हात चालत गेलेल्या बायबलबायांची नावं कुठंच नाहीत. माझी पणजी बायबलबाई होती. बगलेत पुस्तकाचं गाठोडं, पायात वहाण असली तर असली, आणि दर आठवड्याला ठरलेली गावं. ती शास्त्र वाचून दाखवायची, बायांना अक्षरं गिरवायला लावायची. आणि आई सांगते त्याप्रमाणं तिचं खरं काम होतं बातम्या नेण्याचं. कुणाची लेक नांदायला गेली, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, मिशनच्या दवाखान्यात कुठल्या वारी डॉक्टरीणबाई असते. तिचं नाव फक्त आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर, तेही चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घात.

दुपारी दसरा चौकातून गेलो. शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली त्यात १९१५ मध्ये इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. खेड्यातल्या ख्रिस्ती पोराला कोल्हापुरात डोकं टेकायला जागा मिळाली, म्हणून पुढं मास्तर, कंपाउंडर, कारकून झाले. आमच्या आजोळची शिकलेली पहिली पिढी अशीच झाली.

संध्याकाळी लक्ष्मीपुरीत रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर. यादी आईची, पिशव्या माझ्या.

सोमवार, २२ डिसेंबर

शिरोलीला पंचगंगा ओलांडली आणि वाठारला महामार्ग सोडून डावीकडं कोडोलीच्या रस्त्याला लागलो. इथून पुढं सगळा ऊस. डिसेंबरात या रस्त्यावर गाडी चालवायची म्हणजे दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागं गुमान जायचं. ट्रॅक्टरवर गाणं एवढं मोठं की मागच्याचा हॉर्न त्याला ऐकू जायची सोय नाही. एका बाजूला जोतिबाचा डोंगर, त्याच्या पलीकडं पन्हाळा. गुऱ्हाळाच्या चिमणीचा धूर दिसला की आई काच खाली करते. काकवीचा वास गाडीत आल्याशिवाय तिला माहेरी आल्यासारखं वाटत नाही.

कोडोली हे मिशनचं जुनं ठाणं. पन्हाळ्यावर १८७७ मध्ये मिशनरी राहायला गेले, कोडोलीला १८९३ मध्ये. दवाखाना, शाळा, चर्च असं सगळं हळूहळू उभं राहिलं आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांत ख्रिस्ती घरं वाढत गेली. आईचं गाव त्यातलंच एक. नाव लिहीत नाही. एवढंसं गाव, लिहिलं की प्रत्येकाला कळेल कुणाच्या घरात काय चाललंय. गावाच्या कडेला आमची आळी, मधे छोटं चर्च. आळीत सगळे एकमेकांचे मामा, आत्या, चुलते. लग्न जमवायचं तर आधी नातं कुठून लागत नाही ते शोधावं लागतं.

"आलीस व्हय गं? किती वाळलीयास!" मामीनं दारातच तोंडावरून हात फिरवला. हे ती दरवर्षी म्हणते, मी दरवर्षी जाड होते.

मामाचा ऊस उभाच आहे. नाताळाआधी तोड येईल असं कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, म्हणाला होता. उसाला तुरा आलाय, आता वजन घटणार. तोडणीवाले टोळीसाठी खुशाली म्हणून वरचे पैसे मागतात, ट्रॅक्टरवाला तसेच 'एंट्री' म्हणून मागतो, आणि एवढं करून पाळी येईल तेव्हा खरी. "ख्रिस्त येळेवर जन्मतोय, पण आमची तोड काय येळेवर येत न्हाय," मामा म्हणाला. पाळकसाहेब ओसरीवर चहा पीत होते, तेही हसले. त्यांचाही दहा गुंठे ऊस आहे.

मंगळवार, २३ डिसेंबर

आजचा सगळा दिवस भट्टीवर गेला. आमच्याकडं नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, दिवाळीसारखाच. दिवाळी आणि नाताळ यांतला फरक नानकटाईत. ती घरी भाजत नाहीत. पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीवाल्याकडं जायचं आणि त्याच्या लाकडाच्या भट्टीत भाजून आणायचं.

बेकरीच्या मागच्या दारी सकाळी आठलाच बायांची रांग. प्रत्येकीच्या हातात डालड्याचा डबा, डोक्यावर परात. आत जमिनीवर पोतं टाकून बसायचं आणि तळहातानं तूप-साखर फेटायची. पांढरं फेसाळ झालं, चिमूटभर पाण्यात टाकलं आणि तरंगलं, की मैदा घालायचा. मग गोळे वळून काळ्या पत्र्याच्या ट्रेवर ओळीनं. ओळखीसाठी खूण: मामी प्रत्येक नानकटाईवर अंगठा दाबून चारोळी ठेवते, शेजारची आत्या काट्यानं फुली मारते. भट्टीवाला चाचा लांब फळीनं ट्रे आत सारतो आणि घड्याळ न बघता काढतो. दरवर्षी एखादा ट्रे करपतो आणि दरवर्षी तो नेमका ज्येष्ठ वडिलांच्या घरचाच असतो. आमच्या मंडळीत वडील म्हणजे पंचांमधले. त्यांच्याबद्दल एवढंच बोलायची सोय आहे.

चाचा मुसलमान, त्याच्या भट्टीवर ईदच्या आधी हीच रांग दुसऱ्या बायांची असते. गणपतीतही असते म्हणे, पण तेव्हा खारी.

भट्टीवर मला ज्या बातम्या कळल्या त्या सगळ्या इथं देता येणार नाहीत. देता येण्याजोग्या: मामाच्या चुलतभावाच्या नातीला मिरजेच्या नर्सिंगला प्रवेश मिळाला. जुन्या मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता ते लांबूनच ओळखून हाक मारतात आणि त्यामुळं पोरांची पंचाईत झालीय. एका घरात जावयानं दुसऱ्यांदा दुकान काढलंय. आणि यंदा कॅरलला, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरतो तेव्हा, डीजे लावायचा की ढोलकी, यावरून तरुण संघात दोन तट पडलेत.

संध्याकाळी पोरांबरोबर चांदणी बांधायला बसले. कळकाच्या कामट्या तासून पाच पाचाच्या दोन चौकटी करायच्या. त्या एकावर एक ठेवून टोकं सुतळीनं आवळायची आणि मधल्या पाच सांध्यांत वीतभर लांबीचे खुंटे घालून फुगवायची. खुंटा जरा मोठा झाला की कामटी तडकते. मैद्याची खळ, पतंगी कागद, आत एक बल्ब. बाजारात दीडशेला मिळते, कशाला उपद्व्याप, असं मामेभाऊ म्हणाला. पण रात्री चर्चच्या शेंड्यावर चढवायला सर्वात आधी तोच चढला.

बुधवार, २४ डिसेंबर

शेवटी ढोलकी जिंकली. कारण डीजेवाल्यानं लग्नसराईचा भाव सांगितला.

रात्री नऊला चर्चसमोर ट्रॅक्टर उभा राहिला. ट्रॉलीत सतरंजी, पेटी, ढोलकी, टाळ, दोन खंजिऱ्या, 'उपासनासंगीत' या गीतांच्या पुस्तकाच्या सुट्या झालेल्या प्रती आणि थर्मास. पुढं पाळकसाहेब, मागं लुगड्यावर स्वेटर घातलेल्या आत्या. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. आमच्या मंडळीत इंग्रजी चालीची कॅरल गीतं दोनच येतात आणि तीही पहिल्या कडव्यापर्यंत. बाकी सगळं भजनी ठेक्यात. मराठी ख्रिस्ती लोकांच्या हातात टाळ देण्याचं मोठं श्रेय ना. वा. टिळकांना जातं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं ख्रिस्ताची भजनं आणि कीर्तनं मराठी वळणाची केली. ढोलकीवाला पोरगा दर बुधवारी गावच्या भजनी मंडळातही बसतो. आज बुधवारच, पण आज त्यांनी त्याला सोडला होता.

प्रत्येक दारात तेच आणि प्रत्येक दारात वेगळं. गाणं, मग पाळकसाहेबांची प्रार्थना, मग चहा नाहीतर चिवडा, मग पाकीट. प्रार्थना मी कान देऊन ऐकत होते, कारण त्या घराचं सबंध वर्ष तिच्यात येतं. "प्रभू, या घरी तू सुनेची कूस उजवलीस..." म्हणजे बाळ झालं. "या घरातल्या रिकाम्या खुर्चीकडं तू पाहा..." म्हणजे आजोबा गेले, पावसाळ्यात. "परदेशी असलेल्या तुझ्या लेकराला..." की आईनं डोळ्याला पदर लावला, लेकरू मस्कतला क्रेन चालवतं आणि त्या क्षणी व्हिडिओ कॉलवर होतं. पाळकसाहेबांनी फोनकडं तोंड करून त्याच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं. पुण्यात माझ्या मजल्यावर कोण राहतं ते मला ठाऊक नाही, आणि इथं एका रात्रीत चाळीस घरांचा ताळेबंद कळतो.

नर्सबाईंच्या दारात सगळ्यांनाच जरा जास्त वेळ थांबावंसं वाटलं. बाई आता नव्वदीच्या पुढच्या. मिरजेला शिकल्या, कोडोलीला नोकरी केली, या पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांची नाळ त्यांच्या हातून कापली गेलीय. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचं हॉस्पिटल सुरू केलं, १९२८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. ही सनावळी बाईंना तोंडपाठ. पण त्या सनावळीत त्यांना स्वतःला रस नाही. त्यांना रस आहे तो आमच्या मंडळीतल्या मुली घराबाहेर कशा पडल्या यात. शेतात मजुरी नाहीतर लग्न, एवढ्या दोनच वाटा होत्या तेव्हा नर्सिंगची तिसरी वाट मिरजेहून निघाली. "पांढरी साडी नेसले तवा गावच्या पाटलीणबाईनं पयल्यांदा मला घरात घेतलं," त्या म्हणाल्या. "बाळंतीण अडली हुती. गरज हुती म्हणून घेतलं. पण घेतलं." नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या मुलीला त्यांनी जवळ बोलावलं आणि नखं तपासली. वाढलेली होती. "उद्या काप," म्हणाल्या.

पाटलांच्या वाड्यावरही कॅरल जातं, आजही गेलं. पाटीलबाबांनी पाकीट दिलं आणि नेहमीसारखी तक्रार केली, की गेल्या वर्षी दोन गाणी म्हटलेली, यंदा एकच का?

बारा वाजून गेले तसं कुणीतरी म्हणालं, तळ्याच्या बाजूला टोळी उतरलीय, तिकडं फराळाचा डबा देऊन येऊ. ऊसतोडीची टोळी. पाचटाच्या खोपी, बाहेर बैल बांधलेले, एक दिवा. पहाटे चारला उठणाऱ्या माणसांना मध्यरात्री गाणं ऐकवणं मला बरं वाटत नव्हतं, पण ट्रॅक्टरच्या आवाजानं ती आधीच जागी झाली होती. पोरं बाहेर आली. आम्ही हळू आवाजात सुरू केलं. दुसऱ्या ओळीला खोपीतून एक बाई गात गातच बाहेर आली. शब्द आमचेच, चाल वेगळी, लांबवत लांबवत जाणारी. ढोलकीवाल्यानं आमची चाल सोडून तिला ठेका दिला आणि आम्ही गप्प राहिलो. चार कडवी तिला पाठ होती. आम्हाला दोन येतात.

बाई जालन्याकडची. तिचं माहेर बेथेलच्या आसपास. जालन्याजवळचं हे ख्रिस्ती गाव एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलं. ती दिवाळी झाली की निघते, नाताळ दरवर्षी कुठल्या ना कुठल्या उसात. टोळीत बाकी कुणी ख्रिस्ती नाही, नवऱ्याखेरीज. पाळकसाहेबांनी विचारलं, "उद्या भक्तीला येता का बाई?" ती म्हणाली, "उद्या खाडा केला तर मुकादम कापतोय. रविवारी बगते."

ट्रॉलीत परतताना मामा एकदम म्हणाला, "ही आपल्याच फडाकडं येणारी टोळी हाय का बघ की." आत्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

गुरुवार, २५ डिसेंबर

सकाळची भक्ती. चर्चमध्ये जागा नाही, म्हणून बाहेर मांडव. नवीन कपड्यांचा आणि डांबरगोळ्यांचा वास एकत्र. जय ख्रिस्त, हॅपी ख्रिसमस, सलाम मामा, असं तिन्ही पिढ्यांचं तीन तऱ्हेनं चाललेलं.

मुलांची नाटिका झाली. आमच्याकडं मेंढपाळ म्हणजे धनगरच. खरं घोंगडं, खरी काठी, आणि यंदा हौसेनं वस्तीवरून खरं कोकरू आणलेलं. योसेफ आणि मरीया सराईत जागा मागतात तो प्रसंग चालू असताना कोकरानं गोठ्याच्या देखाव्यातलं गवत खाऊन संपवलं आणि मग हेरोद राजाच्या कागदी मुकुटाकडं वळलं. हेरोद सहा वर्षांचा. तो सिंहासन सोडून पळाला. सराईवाल्याचं काम करणाऱ्या पोरानं वेळ मारून नेली: "राजा पळाला, आता जागा हाय, या आत." पाळकसाहेबांना पुढचा उपदेश सुरू करायला बराच वेळ लागला.

दुपारी मांडवातच जेवण. चुली पुरुषांच्या ताब्यात, मटण, तांबडा आणि पांढरा. पाटलांकडच्या माळकरी माणसांसाठी वेगळ्या चुलीवर वांगं. एवढं जेवल्यावर दुसरं काही झालं नाही.

शुक्रवार, २६ डिसेंबर

झोप. शिळा रस्सा, जो कालच्यापेक्षा चांगला लागतो.

दुपारी मामेभाऊ कागदांची पिशवी घेऊन बसला. त्याला जातीचा दाखला काढायचाय. आमची घराणी मूळची गावकुसाबाहेरची. पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत फक्त हिंदूच धरले गेले. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती लोकांना ओबीसीत धरतात, पण त्यासाठी आधी मूळ जात कागदावर दाखवायला हवी. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात आहे, मामाच्या दाखल्यावर नुसतंच 'ख्रिश्चन', आणि मधला दुवा जोडणारा कागद मिळत नाही. केंद्रानं २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. मामेभावाला आयोगाशी घेणं नाही, त्याला जानेवारीत भरायचा फॉर्म दिसतोय. जात देवळाबाहेर ठेवून आलो असं आमच्या मंडळीत फार अभिमानानं सांगतात. लग्नं जमवताना ती कुठं ठेवलेली असते ते मला ठाऊक आहे, पण तो विषय मामीसमोर काढत नाहीत.

चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात पाहावं असं ठरलं. पाळकसाहेबांनी कपाट उघडलं. मोडीतली नोंद, कुणालाच वाचता येईना. फोटो काढला, कोल्हापुरात मोडी वाचणारे पुष्कळ आहेत.

शनिवार, २७ डिसेंबर

आजऱ्याला. माझ्या ऑफिसातली मैत्रीण तिथली, तिनं 'आमचा नाताळ पण बघ' म्हणून कधीचं बोलावलेलं. मामाच्या बोलेरोतून पहाटे निघालो. कागलच्या पुढं निपाणीला कर्नाटकात शिरायचं, पाट्या कानडी होतात, आणि उत्तूरच्या आधी परत महाराष्ट्रात. आजऱ्याजवळ हवा बदलते. ऊस विरळ होतो, काजूच्या बागा आणि भाताची कापलेली खाचरं लागतात, खाली हिरण्यकेशी.

जिल्हा एकच, पण ही ख्रिस्ती मंडळी आमच्याहून अगदी निराळी. हे कॅथॉलिक, आडनावं बारदेस्कर, डिसोझा, फर्नांडिस, लोबो. पूर्वज गोव्यातल्या बारदेशातून घाट चढून आले असं घरोघरी सांगतात. घरात कोकणी आणि मराठीची सरमिसळ, एकाच वाक्यात दोन्ही. आमच्या चर्चची सूत्रं प्रेस्बिटेरियन मिशनपासून पुढं चर्च कौन्सिल आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अशी येतात. यांची सूत्रं सावंतवाडीला. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्गचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर असे तीन जिल्हे. आई जन्मभर कोल्हापूर जिल्ह्याची, पण मिस्सा, म्हणजे कॅथॉलिकांची उपासना, कधी पाहिला नव्हता. ती क्रॉस करायचा की नाही या विचारात हात अर्ध्यावर धरून उभी राहिली, मग मैत्रिणीच्या आजीनं तो खाली घेऊन नुसताच हातात धरला.

घरात गायीच्या गोठ्याचा देखावा अर्धी खोली व्यापून. डोंगर, झरा, बत्तीचे खांब, आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकचा हत्ती.

"बेथलेहेमात हत्ती?" मी विचारलं.

"आजऱ्यात आसा न्हय," आजी म्हणाल्या.

आहे खरा. गेली वीसेक वर्षं कर्नाटकच्या जंगलातून हत्ती आजरा-चंदगडला येतात, गव्यांचा त्रास तर रोजचा. यांच्या नाताळच्या बातम्यांत पहिली बातमी तीच: कुणाच्या बागेत काजूची किती झाडं मोडली, पंचनाम्याला कोण आलं, भरपाई किती निघाली. दुसरी बातमी, गोव्यात नोकरीला असलेली पोरं यंदा चार दिवस राहिली. तिसरी, नेवऱ्यांत, म्हणजे त्यांच्या करंज्यांत, खोबरं कमी पडलं. दोदोल ही नारळाच्या दुधाची मिठाई मात्र अप्रतिम, त्यात कोल्हापुरी गूळ.

निघताना पाच किलो आजरा घनसाळ बांधून दिला. या तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याहून मोठं मानांकन म्हणजे आईनं गाडीत पिशवी मांडीवर घेतली, डिकीत ठेवू दिली नाही.

रविवार, २८ डिसेंबर

आज हंगामाचा सण. नाताळनंतरच्या रविवारी आमच्याकडं हा असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते चर्चमध्ये आणायचं, भक्ती झाली की लिलाव. वेदीपुढं गुळाच्या ढेपा, भोपळे, हरभऱ्याचे डहाळे, शाळूची नुसती हिरवी ताटं, अंडी, तीन कोंबड्या, एक कोंबडा. आईनं घनसाळातला दोन किलो ठेवला, बराच विचार करून.

लिलाव खजिनदार मास्तर पुकारतात, मोतीबिंदू काढलेले तेच. आता सगळं दिसत असल्यामुळं कुणालाही लपायची सोय उरलेली नाही. "मागच्या बाकावर पुण्याच्या बाई फोन बघतायत, त्यांच्याकडनं अंड्यांचे दोनशे." भोपळा चारशेला गेला. कोंबडा एकानं घेतला आणि परत अर्पण केला, दुसऱ्यानं घेतला, त्यानंही परत दिला. तिसऱ्या खेपेला पाटीलबाबांनी घेतला आणि बगलेत मारून सरळ घरी गेले. घनसाळासाठी दोन आत्यांमध्ये चढाओढ लागली आणि तो हजाराच्या पुढं गेला.

मध्येच जालन्याची बाई आली. नवरा बरोबर, अंघोळ केलेला, केसांना तेल. तिच्या डोक्यावर वाढ्याची भारी. ऊस तोडला की शेंड्याची वाढी टोळीची, ती गुरांसाठी विकून त्यांचा रोजचा भाजी-मिरचीचा खर्च निघतो. तिनं भारी वेदीपुढं ठेवली, भोपळ्यांच्या शेजारी. हिरवीगार, दवानं ओली.

मास्तरांनी पुकारा केला. पन्नास. बाजारात चाळीसच्या वर कुणी देत नाही. शंभर. ज्यांच्या दारात म्हैस नाही तेही बोलायला लागले. तीनशे. नर्सबाईंनी खुर्चीतून हात वर केला, पाचशे. त्यांच्याकडं मांजर आहे. मामा उठला आणि सहाशे म्हणाला, मामीनं त्याच्याकडं असं बघितलं की लोक हसले. नर्सबाई सातशे. मामा साडेसातशे. तिथं तुटलं.

"म्हशीला सांग काय भावानं खातीयास ते," मामी म्हणाली.

लिलावाचे पैसे कशाला वापरायचे यावर लगेच वाद निघाला. तरुण संघाला स्पीकर हवाय, आत्यांना मागच्या बाजूचे गळके पत्रे बदलायचेत, आणि ज्येष्ठ वडिलांचं म्हणणं की आधी गेल्या वर्षीचा हिशोब वाचा. पाळकसाहेबांनी विषय ३१ च्या रात्रीच्या भक्तीनंतर घ्यायचं ठरवलं. तोवर आम्ही पुण्यात असू. आईनं मतदान फोनवर चालेल का असं विचारून घेतलंय. ती पत्र्यांच्या बाजूची आहे.

आणि मामाची तोड सोमवारी आहे. टोळी तीच. ते आधी ठरलं होतं की भारीनंतर, हे तो सांगत नाही.